नाळ कापणारीचं नाव रजिस्टरात नाही

दरवर्षी १२ मे आला की इस्पितळातून एक तसबीर बाहेर निघते. गोरी बाई, डोक्यावर टोपी, हातात दिवा. तिला हार घालतात, शिकाऊ पोरी मेणबत्त्या लावून शपथ घेतात, डीन भाषण करतो, वडापाव वाटतात. फ्लॉरेन्स नाइटिंगेल, जन्म १८२०. त्यागमूर्ती, सेवामूर्ती वगैरे.

माझं त्या बाईशी भांडण नाही. ती बाई मोठीच होती. भांडण आहे ते त्या दिव्याशी. कारण दिवा दाखवला की गटार दिसत नाही.

मी सूतगिरणीत रिंग खात्यात काम करतो. शाळा नववीत सुटली. पुढचं सगळं शिक्षण नगरपालिकेच्या वाचनालयात आणि रात्रपाळीनंतरच्या चहाच्या टपरीवर झालं. माझ्या आत्याची मुलगी नर्सिंगला गेली तेव्हा तिची पुस्तकं मी वाचायला लागलो. पहिल्याच प्रकरणात नर्सिंगचा इतिहास होता. त्यात इंग्लंड होतं, जर्मनी होती, मिशनरी होते, व्हॉइसरॉयच्या बायका होत्या. आमची आज्जी नव्हती. म्हणून हा लेख.

आधी स्कुटारीचं बघू. १८५४ साली क्रिमियाचं युद्ध चालू होतं. तुर्कस्तानात इस्तंबूलसमोर स्कुटारीच्या बराकीत इंग्रजांचं लष्करी इस्पितळ होतं. नोव्हेंबरात नाइटिंगेल ३८ बायका घेऊन तिथं पोचली. चादरी, भांडी, कपडे, जेवण सगळ्याची तिनं व्यवस्था लावली. पण सोल्जर मरायचे थांबले नाहीत. उलट वाढले. १८५५ च्या फेब्रुवारीत शंभर आजाऱ्यांमागं ४२ च्या वर मेले. गोळीनं नाही, हगवणीनं, तापानं, कॉलऱ्यानं. कारण ती बराक मैल्याच्या नळांवर उभी होती, आणि ते नळ तुंबलेले होते. जखमी माणसं गटारावर निजवली होती म्हणा ना.

मार्चमध्ये विलायतेहून सफाईचं कमिशन आलं. डॉक्टर सदरलंड आणि इंजिनियर रॉलिन्सन. त्यांनी नळ धुऊन काढायला लावले, घाण उपसली, मेलेली जनावरं हलवली, भिंतींना चुना मारला, हवेला वाट केली. काही महिन्यांत मरणाचं प्रमाण शंभरात दोन-तीनवर आलं.

आता सांगा, माणसं कुणी वाचवली? कमिशनच्या साहेबांनी हुकूम दिला हे खरं. पण नळात हात कुणी घातला? मेलेलं जनावर कुणी ओढलं? त्यांची तसबीर कुठल्या इस्पितळात आहे? आपल्याकडं मेलेलं ढोर ओढणाऱ्याला गावकुसाबाहेर ठेवलं, तिकडं इतिहासाबाहेर ठेवलं. फरक एवढाच.

नाइटिंगेलचं मोठेपण असं, की तिला हे नंतर कळलं आणि कळल्यावर ती गप्प बसली नाही. विल्यम फार नावाचा आकडेशास्त्री होता, त्याच्याबरोबर बसून तिनं मेलेल्यांचे आकडे मांडले. १८५८ साली तिनं पाकळ्यांसारखी चित्रं छापली. कुठल्या महिन्यात किती जखमांनी मेले आणि किती टाळता येणाऱ्या रोगांनी मेले, हे अडाण्यालाही दिसावं म्हणून. लढाईपेक्षा घाणीनं जास्त मारले, हे तिनं सरकारच्या तोंडावर सांगितलं. ही बाई हातात कागद घेऊन उभी राहिली होती. लोकांनी तिच्या हातात दिवाच ठेवला. कारण कागद हिशोब मागतो, दिवा काही मागत नाही.

युद्धानंतर लोकवर्गणीतून जवळजवळ ४५,००० पौंडांचा फंड जमला होता. त्यातून १८६० साली लंडनच्या सेंट थॉमस इस्पितळात नर्सिंगची शाळा निघाली. आज जगभर नर्सिंगचं जे शिक्षण चालतं त्याचा साचा तिथला. वर्षभराचं शिक्षण, इस्पितळातच राहणं, वॉर्डात हातानं काम करत शिकणं, वर मेट्रनची नजर. मेट्रन होत्या मिसेस वॉर्डरोपर. प्रत्येक शिकाऊ बाईचा महिन्याचा तक्ता भरायचा. काम येतं का हे तर बघायचंच, शिवाय वेळेवर येते का, शांत राहते का, विश्वासू आहे का, नीटनेटकी आहे का. आमच्या गिरणीत मुकादम असाच तक्ता मनात भरतो, कागदावर भरत नाही एवढंच.

पण त्या आधी इंग्लंडात नर्स म्हणजे कोण? मोलकरणीच्या दर्जाची गरीब बाई. दारूडी, चोरटी म्हणून तिची टिंगल व्हायची. डिकन्सनं एका कादंबरीत तसली म्हातारी रंगवली आणि ती तिकडं घराघरांत ठाऊक झाली. म्हणजे बघा, जोवर गरीब बाई आजाऱ्याची घाण काढत होती तोवर ते काम हलकं. तेच काम शिकलेल्या बाईनं, शिस्तीत, पांढऱ्या टोपीत केलं की उदात्त. सेंट थॉमसमध्येही दोन थर झालेच. गरीब घरच्या पोरींना वर्षाला १० पौंड मिळायचे आणि त्या वॉर्डात नर्स व्हायच्या. पुढं पैसे भरून शिकणाऱ्या घरंदाज बायका आल्या, त्या बहुतेक मेट्रन, सुपरिंटेंडेंट व्हायच्या. जात नव्हती तिकडं, पण पायऱ्या होत्या.

आणि रंग होता. मेरी सीकोल नावाची जमैकाची बाई होती. आई काळी, बाप स्कॉटिश. आईकडून औषधपाणी शिकलेली, कॉलऱ्यात माणसं सांभाळलेली. क्रिमियाला नर्स म्हणून जायचं म्हणून तिनं लंडनमध्ये दारं ठोठावली. नाही घेतलं. मग ही बहाद्दर स्वतःच्या खर्चानं गेली, १८५५ साली बालाक्लाव्हाजवळ खानावळ-कम-दवाखाना घातला आणि सोल्जरांची सेवा केली. लंडनमध्ये तिचा पुतळा उभा राहायला २०१६ साल उजाडलं. उभा राहिला तोही सेंट थॉमस इस्पितळाच्या आवारात. तेव्हाही काही लोकांनी ओरड केलीच, की ही नर्स नव्हतीच मुळी, तिच्याकडं सर्टिफिकेट कुठं होतं. सर्टिफिकेट द्यायचं नाही आणि मग सर्टिफिकेट नाही म्हणायचं. ही युक्ती आपल्या ओळखीची आहे.

अमेरिकेतली मेरी महोनी तर मला आमच्या घरातलीच वाटते. बॉस्टनच्या बायका-मुलांच्या इस्पितळात ती पंधरा वर्षं राबली. स्वयंपाक, धुणं, झाडलोट. मग तिथंच नर्सिंगला बसली आणि १८७९ साली पास झाली. अमेरिकेतली पहिली शिक्षित काळी नर्स. पुढं १९०८ साली काळ्या नर्सांनी स्वतःची संघटना काढली, कारण गोऱ्यांच्या संघटनेत बहुतेकींना जागा नव्हती. आपल्याकडं नर्सांची अखिल भारतीय संघटना, ट्रेंड नर्सेस असोसिएशन, तीही नेमकी १९०८ चीच. पण ती उभी केली मेमसाहेब सुपरिंटेंडेंटनी. आपल्याकडच्या मेरी महोन्या तेव्हा कुठं होत्या? झाडूच मारत होत्या.

आता आपल्या मातीत येऊ.

नाइटिंगेल हिंदुस्थानात कधीच आली नाही. पण लंडनमध्ये बसून तिनं इथल्या छावण्यांचे तक्ते मागवले, वाचले. १८६३ साली लष्कराच्या आरोग्याबद्दलचा शाही कमिशनचा अहवाल आला. हिंदुस्थानातल्या गोऱ्या सोल्जरांत हजारी ६९ मरतात, असं त्यात निघालं. पाणी, गटारं, बराकी सुधारा, असा तिचा धोशा. पुढं ती रयतेच्या दुष्काळाबद्दलही लिहायला लागली, पुण्याच्या सार्वजनिक सभेशी तिचा पत्रव्यवहार होता. १८८८ साली विलायतेहून लष्करी नर्सांची पहिली तुकडी मुंबई बंदरात उतरली. त्या आल्या गोऱ्या सोल्जरांसाठी. आपल्या लोकांसाठी नाही.

आपल्या लोकांसाठी कोण होतं? सुईण होती.

सुईण कोण? बऱ्याच गावांत मांगीण, कुठं महारीण, कुठं न्हावीण. वाड्यातली बाई अडली की रात्री-बेरात्री कंदील घेऊन माणूस आमच्या वस्तीत यायचा. कंदिलाची गोष्ट निघालीच आहे तर सांगतो, आमच्याकडंही रात्रीची कंदील घेऊन जाणारी बाई होती. तिची तसबीर कुणी काढली नाही. तिनं पोट चोळायचं, मूल आडवं असेल तर फिरवायचं, नाळ कापायची, वार पुरायची, विटाळाचे कपडे धुवायचे. पाटलाच्या वंशाला पहिला स्पर्श आमच्या आज्जीचा. बारा दिवस ती चालायची. तेराव्या दिवशी तीच बाई उंबऱ्याबाहेर. शेर-पायली दाणे, जुनं लुगडं, शिळी भाकरी. तेही वरून टाकलेलं.

माझ्या आज्जीनं किती बाळंतपणं केली याचा हिशोब नाही. ती म्हणायची, "गावातली निम्मी डोकी माझ्या हातानं भाईर आल्यात. त्यातलीच मोठी झाली आन् माझ्या पोराला हिरीवर चढू दिनात." एवढं बोलून ती तंबाखू मळायची.

शास्त्राच्या अंगानं बोलायचं तर सुईणीच्या हातात दोष होतेच. नाळ इळ्यानं कापणं, राख लावणं, त्यातून धनुर्वात व्हायचा, पोरं दगावायची. हे लपवायचं कारण नाही. पण इंग्रजी अहवाल वाचा. त्यात ती घाणेरडी, अडाणी, अंधश्रद्धाळू, बाळंतरोगाचं मूळ. तिला विहीर बंद होती, शाळा बंद होती, साबण परवडत नव्हता. ज्यांनी तिला घाणीत ठेवलं त्यांच्याबद्दल अहवालात एक ओळ नाही. १८८५ साली लेडी डफरिनचा फंड निघाला, बायकांना बायकांकडून वैद्यकीय मदत मिळावी म्हणून. १९०३ साली लेडी कर्झननं दाया शिकवण्यासाठी व्हिक्टोरिया मेमोरियल फंड काढला. म्हणजे हिला शिकवायला हवं हे सरकारलाही कळलं होतं. पण शिकून तिचं पद वाढेल, पगार मिळेल, अशी व्यवस्था कुणी केली नाही. पुढं नर्स आली, मिडवाइफ आली, आणि सुईण मागं पडत गेली.

मग नर्स कोण झाली? सवर्ण घरची बाई लवकर येईना. परक्या पुरुषाचं अंग पुसायचं, भांडं द्यायचं, कुठल्या जातीचा रोगी येईल सांगता येत नाही, रात्री घराबाहेर राहायचं. सोवळ्याला हे झेपणारं नव्हतं. म्हणून आधी आल्या युरोपियन, अँग्लो-इंडियन आणि ख्रिस्ती बायका. मुंबईत १८४५ साली जे. जे. इस्पितळ सुरू झालं, १८८६ साली कामा सुरू झालं. मिरजेला १८९४ साली डॉक्टर वॉन्लेसनं मिशन इस्पितळ काढलं, आमच्या गावापासून एसटीनं तासाभरावर. अशा मिशन इस्पितळांतून आपल्या भागातल्या पोरींना नर्सिंगची वाट मिळाली. आणि मराठी मुलखातले ख्रिस्ती म्हणजे नगर-जालन्याकडचे बरेचसे कोण? आपलेच महार, मांग. येशूच्या दारातून का होईना, सुईणीची नात पांढरा गणवेश घालून वॉर्डात शिरली. पण १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात ख्रिस्ती झालेल्यांना अनुसूचित जातीत धरलं नाही. म्हणून ती पोरगी खानेसुमारीत आपली म्हणून मोजलीच जात नाही. वॉर्डातली दुसरी बाई मात्र तिची जात बरोबर ओळखून असते.

पुण्यात १९०९ साली रमाबाई रानड्यांच्या पुढाकारानं सेवासदन निघालं. तिथून विधवा, परित्यक्ता बायका नर्सिंगला, सुईणपणाला गेल्या. त्या काळात सवर्ण घरच्या विधवेनं ससूनच्या वॉर्डात उभं राहणं सोपं नव्हतं. त्यांचं श्रेय मी काढून घेत नाही. पण त्यांच्या आधीची एक बाई आहे, तिला नर्सिंगच्या पुस्तकात मला जागा दिसली नाही.

सावित्रीबाई फुले. १८६३ साली फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसलेल्या विधवा, बहुतेक ब्राह्मणांच्या, तिथं येऊन बाळंत व्हायच्या. त्यांचं सगळं सावित्रीबाई करायच्या. पुढं १८९७ साली पुण्यात प्लेग आला. मुलगा यशवंत डॉक्टर होता, त्याला बोलावून घेऊन त्यांनी हडपसरच्या बाजूला, शहराबाहेर माळावर दवाखाना घातला. लोक घरातली माणसं टाकून पळत होते. मुंढव्याच्या महारवाड्यात पांडुरंग बाबाजी गायकवाड नावाच्या पोराला गाठ आली. सावित्रीबाईंनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणलं. तेव्हा त्या साठीच्या पुढं होत्या. पोरगा वाचला. त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. सगळे त्यांना पहिली शिक्षिका म्हणतात, बरोबरच आहे. पण त्या मेल्या ते रोग्याची सेवा करताना. टोपी नाही, सर्टिफिकेट नाही, पाठ मात्र होती.

आता रजिस्टराचं. हा भाग काही जणांना कंटाळवाणा वाटेल. गिरणी कामगाराला वाटणार नाही. बदली आणि मस्टरवरचा कायम यांत काय अंतर असतं हे आपल्याला माहीत आहे. मस्टरवर नाव नसेल तर हात तुटला तरी तुम्ही त्या दिवशी गिरणीत नव्हताच.

इंग्लंडात नर्सांचं सरकारी रजिस्टर असावं म्हणून एथेल बेडफर्ड फेन्विक नावाच्या बाईनं १८८७ पासून झगडा केला. विरोधात कोण? दस्तुरखुद्द नाइटिंगेल. तिचं म्हणणं, परीक्षेनं चारित्र्य मोजता येत नाही, एकदा नाव चढलं की बाई चांगली राहिली की बिघडली कोण बघणार. फेन्विकबाईचाही डाव निव्वळ भला नव्हता. गरीब, कमी शिकलेल्या नर्सा बाहेर राहाव्यात हा त्यात हेतू होताच. तरी मला विचाराल तर रजिस्टरवालीचं बरोबर. चारित्र्य मालक ठरवतो, रजिस्टर कायदा ठरवतो. मालकाच्या चिठ्ठीवर जगण्यापेक्षा कायद्याच्या वहीत नाव बरं. न्यूझीलंडनं १९०१ मध्ये कायदा केला, इंग्लंडनं १९१९ मध्ये. १९२१ ला इंग्लंडचं रजिस्टर उघडलं, त्यात एक नंबरला फेन्विकबाईंचंच नाव.

आपल्याकडं मद्रास प्रांतानं १९२६ साली कायदा केला, मुंबई प्रांतानं १९३५ साली नर्स, मिडवाइफ आणि हेल्थ व्हिजिटर यांच्या नोंदणीचा. तोवर सर्टिफिकेट देणारी मंडळं वेगवेगळी, अभ्यास वेगवेगळा. भोर समितीनं १९४६ साली अहवाल दिला तेव्हा अख्ख्या देशात नर्सा साधारण ७,०००, म्हणजे ४३,००० माणसांमागं एक. त्याच साली दिल्लीत आणि वेल्लोरला नर्सिंगची पदवी सुरू झाली. १९४७ च्या शेवटी इंडियन नर्सिंग कौन्सिलचा कायदा झाला, देशभर शिक्षणाचा दर्जा एक असावा म्हणून. महाराष्ट्राचा स्वतःचा नर्सेस अॅक्ट १९६६ चा. आणि २०२३ साली संसदेनं नर्सिंग आणि मिडवाइफरी कमिशनचा नवा कायदा केला.

याच काळातली आणखी एक गोष्ट नर्सिंगच्या पुस्तकात नसते, पण तिथंच असायला हवी. १९२८ साली मुंबई कौन्सिलात गिरणीतल्या बायकांना बाळंतपणाची पगारी रजा द्यायचं बिल आलं. मालकांची माणसं कुरकुरत होती. बाबासाहेब उभे राहिले आणि म्हणाले की आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे आणि त्याचा भार सरकारनंही उचलावा. १९२९ साली कायदा झाला. सुईण, नर्स, डॉक्टर सगळं खरं, पण पोटुशी बाई साच्यावरून उतरलीच नाही तर तिला वाचवणार कोण?

आता वॉर्डात चला. नीट ऐका, कोण कुणाला काय हाक मारतं. नर्सला 'सिस्टर'. पुरुष असेल तर 'ब्रदर'. इंग्रजी नातं. भांडं उचलणारी, फरशी पुसणारी, रक्ताच्या चादरी नेणारी ती 'मावशी'. स्ट्रेचर ढकलणारा तो 'मामा'. नाती मराठी, पण मान इंग्रजीला. नाइटिंगेलच्या शाळेत भांडं देणं, जखम धुणं, अंग पुसणं ही नर्सचीच कामं होती. तो तिच्या शिक्षणाचा पाया. आपल्याकडं नर्सिंग आलं आणि त्याचे लगेच दोन तुकडे झाले. नाडी एकीकडं, भांडं दुसरीकडं. धर्मानं जी फाळणी केली होती तीच इस्पितळानं ड्यूटी लावून केली. माझी आत्या पंचवीस वर्षं मावशी होती. कुठल्या इस्पितळात ते सोडा. ऑपरेशन थिएटर धुऊन तिच्या बोटांची कातडी गेली. कुठल्या रोग्याचं काय बिनसलंय हे ती वासावरून ओळखायची. तिचं नाव कौन्सिलच्या रजिस्टरात यायचा प्रश्नच नव्हता. इस्पितळाच्या मस्टरवरही नव्हतं, ठेकेदाराच्या वहीत होतं.

तिची पोरगी मात्र नर्स झाली. रजिस्टर्ड. कौन्सिलचा नंबर आला त्या दिवशी आत्यानं तो नंबर कॅलेंडरच्या मागं लिहून ठेवला, वाचता येत नसताना बघून बघून गिरवला.

आणि नंबर आल्यावर? खाजगी इस्पितळात लागली तेव्हा हातात पडले नऊ हजार. बाजूला चार पोरी नंबर नसलेल्या, सहा महिन्यांचा कसलातरी कोर्स केलेल्या, पाच हजारांवर. गणवेश सगळ्यांचा सारखाच, म्हणून नातेवाइकाला कळत नाही सुई कोण टोचतंय. रजिस्टर कशासाठी असतं तर याच्यासाठी. पण रजिस्टर तपासायला कुणी येत नाही, आणि येणार असेल तर आदल्या दिवशी त्या चौघींना सुट्टी असते.

२०१६ साली ट्रेंड नर्सेस असोसिएशनच्या अर्जावर सुप्रीम कोर्टानं केंद्राला समिती नेमायला लावली. समितीनं लिहिलं, ५० खाटांच्या आतलं इस्पितळ असलं तरी नर्सला २०,००० च्या खाली पगार नको, आणि २०० खाटांच्या वर असेल तर सरकारी नर्सइतका द्या. मी त्याचा कागद छापून घेऊन बहिणीला दिला. तिनं मेट्रनला दाखवला. मेट्रन म्हणाली, "ही शिफारस आहे, कायदा न्हवं." खरंच आहे ते. राज्यांनी कायदा करायचा होता.

बहिणीनं ते इस्पितळ सोडलं. आता दुसरीकडं आहे, तिथं सतराजणी मिळून कामगार अधिकाऱ्याकडं अर्ज देणार आहेत. मसुदा मी लिहून दिलाय. तिची एकच अट होती, की अर्जावर मावश्यांच्या पण सह्या घ्यायच्या. सहाजणींनी अंगठे दिलेत.

वाचकांना एक काम सांगतो. आपापल्या गावच्या सुईणीचं नाव, कुठली वस्ती, किती साल काम केलं, मोबदला काय मिळायचा, एवढं लिहून या अनियतकालिकाच्या पत्त्यावर पाठवा. म्हाताऱ्या बायका आहेत तोवर विचारून घ्या. माझ्या आज्जीचं पान मी वहीत लिहून ठेवलंय, पहिल्या नंबरला.